काटा कपाटावर, सायकल दारात

मी रिक्षा चालवतो. पुणे स्टेशनजवळ ताडीवाला रोडच्या वस्तीत राहतो. वय ४४. गेली अडीच वर्षं सकाळी सायकल चालवतो. शर्यतीत कधी उतरलो नाही, उतरणारही नाही. आरोग्याच्या पानावर डॉक्टर मंडळींनी लिहावं, हे मला कळतं. पण सायकलीनं आणि वजनकाट्यानं माझ्या घरात जे घडवलं, ते आपल्या वस्त्यांतल्या पुष्कळ घरांत थोड्याफार फरकानं घडत असणार, म्हणून लिहायला बसलो. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. वजन कमी करायच्या नादात आपण जेवणालाच गुन्हेगार ठरवतो, आणि त्याची शिक्षा पोट सुटलेल्या बापाला होत नाही, घरातल्या मुलीला होते.

सुरुवात दवाखान्यातून

माझ्या थोरल्या भावाला शुगर आहे. बरीच वर्षं त्यानं गोळ्या मनाला येईल तशा घेतल्या. चप्पल लागून पायाला जखम झाली, ती त्याला कळलीच नाही, कारण पायाची जाणीवच कमी झाली होती. जखम चिघळली आणि अंगठा काढावा लागला. दवाखान्यात त्याच्या उशाशी बसलो होतो, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हीपण तपासून घ्या. तुमचं पोट बघा, यांच्यासारखंच सुटलंय."

तपासलं. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी एचबीए१सी नावाची तपासणी असते. ती ५.७ च्या खाली आली तर ठीक, ६.५ किंवा त्याहून जास्त आली तर मधुमेह. माझी ६.२ आली. म्हणजे मी मधुमेहाच्या दारात उभा होतो, आत गेलो नव्हतो. वजन ८४ किलो, उंची ५ फूट ५ इंच, कंबर १०१ सेंटिमीटर.

यात नवल काहीच नव्हतं. रिक्षात दहा-दहा तास बसून. स्टँडवर दिवसाला आठ कप चहा, कपाला दोन चमचे साखर, म्हणजे नुसत्या चहातून सोळा चमचे. दुपारी घाईत वडापाव, रात्री अकराला जेवण आणि लगेच झोप. डॉक्टर म्हणाले, "रोज घाम येईल असं काहीतरी करा." जिमची फी परवडणारी नव्हती आणि पळायला गेलो की गुडघे दुखायचे. मग एका रविवारी जुन्या बाजारातून २,२०० रुपयांना गिअरची जुनी सायकल आणली. टायर-ट्यूब आणि ब्रेकचे रबर बदलायला आणखी ९०० गेले.

सायकल घरी आणली तेव्हा आई उंबऱ्यातच म्हणाली, "तुझ्या बापानं जन्मभर सायकल मारली, ती तुला मारायला लागू नये म्हणून."

आईचं चुकलं नव्हतं. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, खडकीच्या कारखान्यात कामाला होते. तीस वर्षं सायकलवर गेले आणि सायकलवर आले. पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे, पण त्या शहरातले कितीतरी सायकलवाले हौसेनं सायकलवर नव्हते, बसचे पैसे वाचवायला होते. पुढे आपल्या पोरांनी हप्त्यावर मोटारसायकल घेतली तेव्हा घरोघर पेढे वाटले. ते पेढे बरोबरच होते, कष्टातून सुटल्याचा तो आनंद होता. म्हणून "आजकाल वस्तीतले लोक आळशी झालेत" असं कुणी म्हटलं की मला राग येतो. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या अंग मोडून काम केलं, त्यांना बसून खायचा हक्क आहे.

फक्त एक गोष्ट आपल्या लक्षात आली नाही. अंगमेहनत सुटली, पण अंगमेहनत करणाऱ्याचं ताट तसंच राहिलं. वर त्यात फरसाण, बिस्किटं आणि थंड पेयाच्या बाटल्या वाढल्या.

शरीर हळूहळू शिकतं

पहिल्या दिवशी बंडगार्डनचा पूल ओलांडून येरवड्यापर्यंत गेलो आणि परत आलो. जेमतेम सहा किलोमीटर. मांड्या थरथरत होत्या, बूड दुखत होतं, गुडघ्यात कळ येत होती. स्टँडवर एक जण म्हणाला, "काय भाऊ, रिक्षा विकली काय?" सगळे हसले. मीही हसलो, पण दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत बाहेर पडलो, कुणी बघू नये म्हणून.

पंधरा दिवसांनी सायकल दुरुस्तीवाल्या चाचांनी सांगितलं, "सीट खाली आहे तुमची." टाच पायडलवर ठेवायची, पायडल सगळ्यात खाली असताना पाय जवळजवळ सरळ व्हायला पाहिजे. सीट दोन इंच वर घेतली आणि गुडघ्याची कळ गेली. जड गिअर टाकून दातओठ खात मारण्यापेक्षा हलक्या गिअरवर पाय भराभर फिरवले तर गुडघे वाचतात, हेही त्यांनीच शिकवलं. हवा कमी असलेला टायर ओढण्यात निम्मी ताकद जाते, हे मी माझं मी शिकलो.

किती जोरात चालवायची, याचं माप सोपं आहे. चालवताना शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. एवढ्या जोराचा व्यायाम प्रौढ माणसानं आठवड्याला किमान १५० मिनिटं करावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे रोज अर्धा तास, आठवड्याचे पाच दिवस. शिवाय दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम. त्यासाठी मी उठाबशा काढतो आणि ओट्याला हात टेकून जोर मारतो.

सायकलीचा साखरेशी संबंध असा आहे. पाय फिरतात तेव्हा मांड्यांचे मोठे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, आणि त्या वेळी त्यांना इन्सुलिनची फारशी गरज लागत नाही. व्यायाम थांबल्यावरही याचा फायदा एक-दोन दिवस टिकतो. म्हणून रविवारी एकदम लांबचा पल्ला आणि बाकी आठवडा सुट्टी, यापेक्षा एक दिवसाआड अर्धा तास जास्त कामाचा.

सहा महिन्यांत मी रोजच्या १५ किलोमीटरवर आलो. आता रविवारी आम्ही तिघे-चौघे देहूरोडच्या बुद्धविहारापर्यंत जाऊन येतो. दोन्ही मिळून साधारण ५० किलोमीटर. २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांच्या हस्ते जिथं बुद्धमूर्तीची स्थापना झाली, तेच हे ठिकाण. वंदना करायची, डबा खायचा आणि ऊन चढायच्या आत परत फिरायचं. ज्या रस्त्यावर दिवसभर हॉर्न वाजवत असतो, तोच रस्ता पहाटे शांत असतो. माझ्या दिवसातला तेवढाच वेळ माझा असतो.

वजनाचं साधं गणित

आता वजनाचं. सायकल मारली की वजन झरझर उतरतं, असं मला वाटायचं. हिशोब केला तेव्हा वेगळंच निघालं.

माझ्या वजनाच्या माणसानं तासभर बऱ्यापैकी सायकल चालवली तर साधारण ५०० कॅलरी खर्च होतात. एक किलो चरबी म्हणजे अंदाजे ७,७०० कॅलरी. म्हणजे एक किलो चरबी फक्त सायकलीवर जाळायची तर पंधरा तासांहून जास्त पायडल मारावं लागेल. आणि घरी परतताना टपरीवर दोन वडापाव खाल्ले की तासाभराची मेहनत जमा-खर्च बरोबर. माझ्या आठ कप चहातली साखरच ३०० कॅलरींच्या आसपास होती. ती निम्मी करायला काही पायडल मारावं लागलं नाही.

सकाळी सायकल मारून आल्यावर काट्यावर एक किलो कमी दिसतं, ते बहुतेक पाणी असतं. एक लिटर घाम गेला की एक किलो कमी. दोन तांबे पाणी प्यालं की ते परत येतं. काल रात्री खारट जास्त खाल्लं तर आज वजन जास्त. काट्यावरचा रोजचा चढउतार हा चरबीचा नसतो, पण त्यावरून आपला दिवस चांगला जाणार की वाईट, हे आपण ठरवून टाकतो.

हे मला आता कळतं. तेव्हा कळत नव्हतं.

काट्याचं वेड

पहिल्या सहा महिन्यांत वजन ८४ वरून ७६ वर आलं. चहा दोन कपांवर आला होता, रात्रीचं जेवण साडेआठला होऊ लागलं होतं. कंबर ९३ झाली. स्टँडवर हसणारेच विचारू लागले, "भाऊ, काय खाता काय तुम्ही?" कौतुक झालं आणि मी चेकाळलो. घरी वजनकाटा आणला. सकाळी उठल्यावर एकदा आणि सायकल मारून आल्यावर एकदा त्यावर उभा राहू लागलो. तक्त्याप्रमाणे माझ्या उंचीला ६२ किलो ठीक. मी ठरवलं, निदान ६८ करायचंच.

७६ वर काटा अडला तो अडलाच. मग मी रात्रीचं जेवण बंद केलं. घरात सगळे जेवायला बसले की मी पाणी पिऊन बाजूला बसायचो. बायको म्हणायची, "अहो, अर्धी भाकरी तरी खा." मी अभिमानानं नाही म्हणायचो. आई शेजारणीला सांगायची, "बघा, कसं मन घट्ट आहे पोराचं."

एका रविवारी असाच रात्रीचा उपाशी, सकाळी फक्त बिनसाखरेचा चहा घेऊन खेड शिवापूरला निघालो. जाताना ठीक होतं. परतताना शिंदेवाडी सोडून कात्रजचा घाट चढायला लागलो आणि अंगातलं बळ एकदम गेलं. हात कापायला लागले, दरदरून घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधार. सायकलवरून उतरलो म्हणण्यापेक्षा पडलोच. कोपर फुटलं. मागून ट्रक येत नव्हता म्हणून आज हे लिहितोय. पेरू विकणाऱ्या एका मावशीनं ओढून सावलीला बसवलं, डब्यातला गूळ आणि पाणी दिलं. पंधरा मिनिटांनी बोलायला लागलो तेव्हा ती म्हणाली, "बाबा, उपाशी बैलाला घाटात कुणी जुंपतं का?"

तिला जे माहीत होतं ते मला माहीत नव्हतं. आपल्या यकृतात आणि स्नायूंत साठलेली साखर जोराच्या मेहनतीला दीड-दोन तास पुरते. उपाशी माणसाची त्याआधीच संपते. आता मी दीड तासाहून लांब जायचं असेल तर खिशात केळं, शेंगदाणा चिक्की किंवा राजगिऱ्याचा लाडू ठेवतो आणि तासाला थोडं थोडं खातो. ज्यांना इन्सुलिन चालू आहे किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू आहेत, त्यांना तर हा धोका अधिक. त्यांनी व्यायाम वाढवण्याआधी डॉक्टरांना गोळ्यांचं विचारलंच पाहिजे आणि खिशात साखर ठेवलीच पाहिजे.

पण खरा धडा घाटात मिळाला नाही. तो घरी मिळाला.

लेकीचा डबा

माझी मुलगी नववीत आहे. काही महिने तिचा डबा अर्धा परत येत होता. बायकोनं दोनदा सांगितलं, मी म्हणालो, "वय आहे तिचं, खाईल." मग ती जिना चढताना धापा टाकू लागली. केस गळायला लागले. ओठ पांढरट. महापालिकेच्या दवाखान्यात रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ८.९. तिच्या वयाला ते १२ तरी पाहिजे. शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी लोहाची निळी गोळीही ती घेत नव्हती. गोळीनं वजन वाढतं, असं मैत्रिणीनं सांगितलं होतं. तसं काही नसतं.

मी रागावलो. "डबा का टाकतेस? आई पहाटे उठून करते." ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पप्पा, तुम्ही जेवण सोडलं की सगळे शाब्बास म्हणतात. मी सोडलं की रागावता."

मला उत्तर देता आलं नाही.

माझ्या पाठोपाठ तीही रोज काट्यावर उभी राहत होती. मी बाहेर पडलो की मग. वहीच्या मागच्या पानावर आकडे लिहून ठेवले होते. ४३, ४२.५, ४१. माझं वजन कमी व्हायला हवं होतं, तिचं वाढायला हवं होतं. पण घरात काटा एकच, आणि त्याची एकच शिकवण: आकडा खाली गेला की चांगलं.

मला सांगायचं ते हेच. आपल्या वस्तीतल्या घरांत दोन्ही आजार एकाच छताखाली राहतात. बापाचं पोट सुटलेलं असतं आणि मुलीच्या अंगात रक्त नसतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के जणींचं रक्त कमी आढळलं. १५ ते १९ वयाच्या मुलींमध्ये ते प्रमाण ५९ टक्के. म्हणजे दहा मुली उभ्या केल्या तर त्यातल्या सहा. त्या घरात "वजन कमी करा" हा एकच मंत्र सगळ्यांसाठी लावला, तर बापाचं काही बिघडत नाही, पण मुलगी आजारी पडते.

आकडा सगळं सांगत नाही

वजनाचा आकडा मोठ्या माणसांबाबतही अर्धंच सांगतो. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला होता. एक आपल्या पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि दुसरे इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन. उंचीच्या मानानं वजन किती, हे सांगणारा बीएमआय दोघांचाही सारखाच, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन पळणारे होते. पण फरक फक्त व्यायामाचा नाही. आपल्या देशातल्या लोकांच्या अंगात, विशेषतः पोटात, कमी वजनालाही चरबी जास्त साठते. बारीक हातापायांचा, पण पोट पुढे आलेला माणूस आपण रोज बघतो. काट्यावर तो ठीक दिसतो. त्याची शुगर ठीक असेलच असं नाही.

म्हणून शिंप्याची टेप काट्यापेक्षा कामाची. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच. बाईची ८० च्या आत, म्हणजे साधारण साडेएकतीस इंच. टेप पँटच्या पट्ट्यावर लावायची नाही, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध लावायची, श्वास सोडून, पोट आत न ओढता.

मग पोट सुटलेल्या माणसानं खायचं कसं? संयुत्तनिकायात राजा पसेनदिची एक गोष्ट आहे. आमच्या विहारात वर्षावासात ती मी ऐकली होती, पण तेव्हा हसून सोडून दिली. राजा भरपूर भात खाऊन, धापा टाकत भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला उपास करायला सांगितलं नाही. जेवताना जागं राहायला सांगितलं, आपलं प्रमाण ओळखायला सांगितलं. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला जेवणाच्या वेळी त्याची आठवण करून द्यायला ठेवलं, हळूहळू भाताचं माप कमी करत आणलं आणि त्याचं अंग हलकं झालं. मला यातला 'हळूहळू' हा शब्द महत्त्वाचा वाटतो. आणि दुसरी गोष्ट: माप राजाचं कमी झालं. राजाचं पोट सुटलं म्हणून राजवाड्यातल्या सगळ्यांचा भात काढून घेतला नाही.

आमच्या घरी काय बदललं

वजनकाटा आता कपाटाच्या वर, जुन्या पेटीमागे आहे. महिन्यातून एकदा मी तो काढतो, एकटा असताना. घरात वजनावर बोलणं बंद. कुणाला जाडी, सुकडी म्हणणं बंद. हे आईला अजून जमत नाही.

मी तीन वेळा जेवतो. तीन भाकरींच्या दोन झाल्या, भाजी-डाळ वाढली, तेलाची पळी लहान झाली. मुलीचं ताट वेगळं नाही, पण त्यात भर आहे: बाजरीची भाकरी, पालेभाजी, त्यावर लिंबू पिळून, अंडं, जमेल तेव्हा कलेजी किंवा सुकट, अळिवाचा लाडू. लिंबू, आवळा, पेरू यांनी जेवणातलं लोह अंगी लागायला मदत होते. जेवणाबरोबर चहा घेतला तर उलट होतं, म्हणून चहा जेवणानंतर तासाभरानं. पण रक्त एवढं कमी असताना नुसत्या खाण्यानं भागत नाही. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या तिनं तीन महिने रोज घेतल्या. हिमोग्लोबिन ११.२ झालं. अजून १२ नाही. गोळ्या चालू आहेत.

बायकोचंही रक्त तपासलं. १०.४. ती चार घरी स्वयंपाकाला जाते. "तिचा व्यायाम होतोच की" असं मी सगळ्यांना सांगायचो. खरं म्हणजे तिला हवी होती ती विश्रांती आणि वेळेवर जेवण. ती सगळ्यांच्या शेवटी जेवायची, उरलं तर. आणि मी पहाटे सायकल घेऊन निघायचो तेव्हा नळाचं पाणी ती भरायची. माझा व्यायामाचा वेळ तिच्या झोपेतून आला होता. आता पाणी मी भरतो, मग सायकल काढतो. पंधरा मिनिटं उशीर होतो, बिघडत काही नाही. रात्री सगळे एकत्र जेवतो. या एका गोष्टीनं तिच्या ताटात किती फरक पडला, ते मला हिशोबात सांगता येणार नाही.

माझं वजन सध्या ७७ आहे. म्हणजे उपाशी राहत होतो तेव्हापेक्षा एक किलो जास्तच. कंबर ९२. एचबीए१सी ५.६. कात्रजचा घाट न उतरता चढतो. ६८ किलोचं स्वप्न मी सोडून दिलंय. कंबर आणखी दोन सेंटिमीटर उतरली तर हवी आहे, त्याची घाई नाही.

मुलगी कधी कधी रविवारी माझ्याबरोबर बंडगार्डनपर्यंत येते. डोक्याला हेल्मेट, मागे लाल दिवा, आणि कडेनं. तिला माझ्यापुढे जायला आवडतं. परत आल्यावर ती पोहे खाते आणि पुन्हा मागते. पण परवा तिला आरशासमोर दंड चिमटीत धरून बघताना पाहिलं. मी काही बोललो नाही. हे एका दिवसात जात नाही.

तुम्हाला एवढंच सांगतो

चाळिशीच्या पुढे असाल, शुगर-बीपी असेल, चालताना छातीत दुखत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, मग सायकल काढा. सायकल नसेल तर भरभर चाला. त्याचाही तोच फायदा. पहिल्या दिवशी दहा मिनिटं पुष्कळ झाली. बायाबापड्यांना रस्त्यावर एकटं जायला धास्ती वाटत असेल तर चौघी-पाचजणी मिळून मैदानाला फेऱ्या घाला. आणि हसणारे हसतात, दोन महिन्यांनी तेच विचारायला येतात.

या आठवड्यात दोन कामं करा. घरातल्या पुरुषांनी टेप घेऊन कंबर मोजा. आणि घरातल्या मुलींचं, बायकांचं हिमोग्लोबिन सरकारी किंवा महापालिकेच्या दवाखान्यात तपासून घ्या. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा. मग तुमच्या घरात कुणाच्या ताटातलं थोडं कमी व्हायला हवं आणि कुणाच्या ताटात थोडं वाढायला हवं, ते तुम्हालाच दिसेल.

माझ्या घरात ते मला दीड वर्ष उशिरा दिसलं.